तिची चाचणी

रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात इवल्या पुड्या सोडतात. त्यांतल्या मायक्रोआरएनए नावाच्या सूक्ष्म रेणूंवरून आजार परततोय हे इतर तपासण्यांच्या कितीतरी आधी ओळखता येतं, हे सिद्ध करायला तिने सहा वर्षं जंग जंग पछाडलं होतं. प्रयोगशाळेतले वरिष्ठ हसायचे. त्याच आजारातून उठलेल्या वडिलांनी मात्र, "लेकीच्या नाही तर कुणाच्या कामी येणार माझं रक्त?" म्हणत बाही वर केली होती.

आज त्यांच्या नमुन्यात आजार परतल्याच्या खुणा सापडल्या. तिने चाचणी तीनदा केली, तिन्ही वेळा उत्तर तेच. तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"अगं, दवाखान्याचा रिपोर्ट आला! डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात. तुझी चाचणी काय म्हणते?"

आधी डॉक्टरांशी बोलायचं, तोवर तोंड उघडायचं नाही, असं ठरवून तिने आवाज सावरला.

"तिचं काय घेऊन बसलात, बाबा? तिच्यावर अजून कुणाचाच विश्वास नाही."



"माझा आहे," ते म्हणाले. "सांग."