किल्लेदारणीचं दुखणं

"आधी सांग, मग घे," गुरुदत्त म्हणाला. गोळ्यांचं पाकीट त्याने लिहायच्या टेबलावर कागदांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

पलंगावर शशिकला, त्याची बायको, पोटाशी पाय घेऊन पडली होती. तिचा कॅन्सर हाडांत उतरला होता. दुखायला लागलं की लगेच गोळी द्या, अंगावर काढायला लावू नका, असं डॉक्टरांनी गुरुदत्तला समोर बसवून बजावलं होतं. त्याने मान डोलावली होती. पण डॉक्टर काही कादंबऱ्या लिहीत नाहीत.

गुरुदत्त लिहायचा. ऐतिहासिक. आणि आपल्या कादंबरीत मनचं काही नसतं याचा त्याला भारी अभिमान. मागच्या कादंबरीतल्या दासीसाठी त्याने कुठूनसं दगडी जातं पैदा केलं, शशिकलेला दळायला बसवलं आणि तिच्या हातांना फोड आले तेव्हा चष्मा लावून तिचे तळवे न्याहाळले. त्या पानाचं फार कौतुक झालं. शाल त्याला मिळाली. फोडांवर खोबरेल तिचं तिनेच लावलं.

यंदा कर्नाळ्याची पाळी होती. गडाला वेढा पडलाय, दाणापाणी संपत आलंय आणि किल्लेदाराची बायको दुखण्याने अंथरुणाला खिळलीय. प्रकरण तिच्या मरणापाशी येऊन अडलं होतं. पनवेलच्या त्यांच्या घराच्या खिडकीतून लांबवर गडाचा सुळका दिसे. गुरुदत्त त्याच्याकडे बघत बसे आणि ओळ काही सुचत नसे. मग एकदा गोळीसाठी पाण्याचा पेला आणायला त्याला उशीर झाला, आणि तेवढ्यात शशिकला कण्हता कण्हता काहीबाही बोलली. त्याने ते जसंच्या तसं उतरवलं. अख्खं पान झालं. तेव्हापासून गोळ्या टेबलावर राहू लागल्या.

"कसं दुखतंय?"

"अहो, द्या ना."

"देतो गं. मी काय तुझा वैरी आहे? त्या काळात गोळ्या नव्हत्या, शशी. गोळी घेतलीस की तू झोपून जातेस, मग मला काय कळणार? कुठून सुरू होतं, कमरेतून?"

"कमरेतून." तिने उशीचं टोक मुठीत आवळलं. "आत कुणीतरी खुंटा ठोकतंय. ठोकतंय आणि हलवून बघतंय, बसला का म्हणून."

गुरुदत्तच्या अंगावर काटा आला, तो आनंदाने. खुंटा! गडाखाली शत्रूच्या तंबूंचे खुंटे आणि वर हिच्या कमरेत हा. असं काही टेबलाशी बसून सुचत नाही. त्याने घाईघाईने लिहून घेतलं.

नव्या विमानतळावरून उठलेलं विमान घरावरून गेलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. गुरुदत्त वैतागला.

"परत बोल. आत्ता काय म्हणालीस?"

"आई गं म्हणाले."

"ते नको. ते सगळेच म्हणतात."

शशिकलेच्या कपाळावर घाम फुटला होता. तो त्याला दिसला. त्याची नोंदही त्याने समासात केली. मग खुर्ची पलंगाजवळ ओढून त्याने आवाज मऊ केला.

"बरं, एवढं शेवटचं. तिचा जीव जातोय. किल्लेदार बाहेर तटावर आहे. ती त्याला हाक मारते. काय म्हणेल ती? एकच वाक्य दे, की लगेच गोळी."

शशिकलेने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं.

"ती त्याला हाक मारणार नाही."

"म्हणजे?"

"कशाला मारेल? दासीला मारेल."

"छे, हे वाचकाला पटणार नाही!" गुरुदत्त चिडला. "इतक्या वर्षांचा संसार आहे दोघांचा. नवऱ्याला डोळे भरून बघितल्याशिवाय बाई..."

"जिजा!" शशिकला ओरडली. तेवढ्याशा देहात एवढा आवाज कुठे शिल्लक होता कोण जाणे. "ए जिजा!"

शशिकलेचं करायला जिजा रोज उलव्याहून यायची. ती स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच धावत आली.

"काय झाला, काकू?"

"गोळी. त्या कागदांखाली आहे."

जिजाने टेबलाकडे बघितलं, मग गुरुदत्तकडे. आणि हाताच्या एका फटक्यात गठ्ठा बाजूला लोटला. किल्लेदार, त्याची बायको, वेढा, सगळं जमिनीवर पसरलं.

"अगं, पानं! पाय देऊ नकोस!" गुरुदत्त गुडघ्यांवर बसून गोळा करू लागला.

"आमी जनावराला पन असा तडफडत नाय ठेवत, सायेब," जिजा म्हणाली. तिने शशिकलेची मान उचलून गोळी दिली, पाणी पाजलं.

"यांना बाहेर काढ," शशिकला म्हणाली. "आणि कडी लाव."

जिजाने त्याला दंडाला धरून उठवलं, बाहेर नेलं आणि दार लावून आतून कडी घातली.

गुरुदत्त स्वतःच्याच घरात बंद दाराबाहेर उभा राहिला. हातात चुरगळलेली पानं आणि पेन होतं. त्याचा चेहरा लाल झाला होता. क्षणभर वाटलं, तो आता दार ठोठावणार. त्याने त्यातलं एक कोरं पान दारावर धरलं आणि उभ्यानेच लिहिलं : 'ती दासीला हाक मारते.' वाचून बघितलं. बरोबर होतं. यापेक्षा बरोबर काही त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं.

मग त्याने दाराला कान लावला. आतून कण्हणं ऐकू येत होतं. पेन कागदावर टेकवून तो थांबला. एक ओळ झाली, दुसरी झाली. हळूहळू कण्हणं विरळ झालं, मग थांबलंच. शशिकलेला झोप लागली होती, आणि किल्लेदारणीचं मरण अर्धंच राहिलं होतं.

गुरुदत्तने हिरमुसून पेनाला टोपण लावलं.