कुमुदताईंचा फोन

"कुमुदताई, फोन द्या जरा, माझा चार्जिंगला आहे," म्हणत गायधनी सरांनी तिच्या हाताखालचा मोबाईल उचललासुद्धा.

शाळेत गाणं शिकवणाऱ्या कुमुदला दिसत नाही. स्क्रीनवर बोट टेकलं की फोन बोलून सांगतो, त्यावरच तिचं सगळं चालतं. सरांना त्या बडबडीचा वैताग आला. त्यांनी ती बंद केली, बोलणं उरकलं, फोन परत ठेवला आणि घर गाठलं.

गाण्याचा सराव संपवून कुमुद फाटकापाशी आली. रिक्षा बोलावायला फोन काढला, तर बोटाखाली नुसती गप्प काच. रस्ता ओस होता. "द्या इकडे, मी लावतो," कुणीतरी अगदी जवळ येऊन म्हणालं आणि तिचं मनगट धरलं. ती ओरडली, तेव्हा शाळेचा शिपाई धावत आला आणि तो माणूस पळाला. फोनचा आवाज शिपायानेच परत चालू करून दिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा फोन मागितला.

"नंबर सांगा, मी लावते. फोन माझ्याच हातात राहील."

"एवढा अविश्वास?"

तिने कालचं सगळं सांगितलं. 

"अहो, मग तसं आधी सांगायचं ना!"

"आधी विचारायचं असतं, सर."

सर खुर्चीवर बसले आणि नंबर सांगू लागले.