हिरवा ठिपका

केसाएवढ्या काचतंतूतून लेझर धावत होता. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या स्फटिकातून जाताना तो हिरवा व्हायला हवा. तो हिरवा ठिपका पडावा म्हणून तिने पलीकडे लावलेला कागद महिनाभर कोराच दिसत होता. आज नाही जमलं तर संशोधनाचा विषय बदलू, असं सर म्हणाले होते.

"जेवलीस का?" फोनवरून आईने विचारलं. "आणि चष्मा आहे ना डोळ्यांवर?"

"आहे गं." वेल्डिंग करता करता बाबांची दृष्टी गेली, तेव्हापासून आईला हीच धास्ती.

"तुझं मशीन तरी दाखव." लेकीने व्हिडिओ सुरू करून फोन टेबलाकडे वळवला.

"अगं बाई, कागदावर हिरवंगार काय चमकतंय ते?"

ती थबकली. लेझरपासून जपणारा नारिंगी चष्मा हिरवा प्रकाशही अडवत होता. "चष्म्यामुळे मला दिसत नाहीये गं," म्हणत तिने हात चष्म्याकडे नेला.

"काढू नकोस हं!" आई ओरडली.

"नाही काढत. कसा दिसतोय, तूच सांग."

"अहो, तुम्हीपण ऐका," आई बाबांना म्हणाली. "भाताच्या कोवळ्या रोपासारखा आहे बघा..."

आई सांगत गेली. दोघांनाही न दिसणारा तो हिरवा ठिपका बापलेक कान देऊन ऐकत राहिले.