चोराचं गाठोडं

डोकमर्डीच्या चाळीतल्या बायका दुपारी दुर्गाच्या खोलीत जमायच्या, तिच्या नणंदेच्या, जयाच्या टीव्हीगेममधला चोर बघायला. पहिल्या दिवशी तो नुसता चौकोन होता. मग त्याला मिशी फुटली, मग पाठीवर गाठोडं आलं.

"कॅसेट तीच आहे, वहिनी," जया हसायची. "आपल्या लाडानं वाढतोय मेला!"

आज दुर्गा बाळाची झोळी हलवत बघत होती. दृष्ट लागू नये म्हणून सकाळीच तिनं बाळाच्या तळपायाला काजळाची तीट लावली होती.

चोराचं गाठोडं आज हिरवं होतं, झोळीच्या साडीसारखंच.

"पोलिसाला चुकवलं गं!" बायकांनी टाळ्या पिटल्या.

गाठोड्यातून एक इवला पाय लोंबत होता. तळव्यावर काळी तीट होती.

दुर्गाच्या हातातली झोळीची दोरी एकाएकी हलकी झाली.