एकाची तार उलटी

"पोकळ आहे," दादा म्हणाला. पण म्हणाला भिंतीकडे बघून.

धाकट्याने गाणं थांबवलं, मागे नेलं आणि पुन्हा लावलं. रिकाम्या सभागृहात तेच झालं. आवाज होता, पण आवाजाला पोट नव्हतं. दोन तासांनी ताईच्या गाण्याच्या वर्गातल्या मुली इथे गाणार होत्या आणि त्यांचे आईबाप समोर बसणार होते.

गंमत म्हणजे एकेकटं वाजवलं की सगळं झकास होतं. दादाच्या बेसच्या पेट्या एकट्या वाजल्या की पायाखालची फरशी हलायची. धाकट्याचे टॉप, म्हणजे वरच्या सुरांच्या पेट्या, एकटे वाजले की शब्द न् शब्द कळायचा. दोन्ही एकत्र सुरू केले की मधला भागच गायब! आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर त्याने तीनदा तपासला. जाड आवाज बेसकडे जात होता, बारीक आवाज टॉपकडे जात होता, आणि दोघांची गाठ शंभर हर्ट्झच्या आकड्यावर पडत होती. आकडा बाबांनीच लावलेला होता. यंत्रही बाबांचंच. दोन्ही भावांनी पेट्या वाटून घेतल्या, तेव्हा हे एकाला दिलं तर दुसरा रुसेल म्हणून ते तीन वर्षं ताईच्या कपाटात पडून होतं.

"ताईला सांग, आवाज वाढवतोय," दादा भिंतीला म्हणाला. ताई बाहेर मुलींच्या रांगा लावत होती. दादाने बटण फिरवलं. लिमिटरचा लाल दिवा लागला. हा लिमिटर म्हणजे घरातला शहाणा माणूस. कुणी हद्दीबाहेर ओरडू लागलं की लगेच दाबून धरायचा. दिवा लागलेलाच राहिला, तरी मधली पोकळी काही भरेना.

"आणखी नको," धाकटा न राहवून म्हणाला. "स्पीकर जळतील."

दादाने बटण खाली आणलं. मग सावकाश वळून त्याच्याकडे पाहिलं. तो आता काय विचारणार हे धाकट्याला कळलं.

"तार?"

बाबांच्या त्या यंत्राची एक खोड होती. बेस आणि टॉप जिथे भेटतात, तिथे एक पेटी हवा पुढे ढकलायची तेव्हा दुसरी मागे ओढायची आणि दोघींचं भांडण होऊन आवाज मरायचा. उपाय सोपा होता. एका प्रकारच्या पेट्यांत लाल तारेच्या जागी काळी जोडायची आणि काळीच्या जागी लाल. मग दोघी एका दमात श्वास घ्यायच्या. बाबांनी तिन्ही पोरांकडून हे पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं, एकाची तार उलटी. पुढे हे काम धाकट्याकडे आलं.

तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यक्रमात असाच पोकळ आवाज आला होता. दादाने चारचौघांत विचारलं होतं, तार उलटी जोडलीस का? धाकटा म्हणाला होता, जोडली. जोडली असतीस तर असा आवाज आला असता का, खोटारड्या! त्या रात्री तपासायलासुद्धा कुणी थांबलं नाही. रागाच्या भरात केबली गुंडाळल्या आणि दोन टेम्पोंतून दोघं दोन दिशांना गेले. ताईला बिचारीला कुणी कारण सांगितलं नाही. वाटणीवरून बिनसलं, असं ती धरून चालली होती. आज तिनेच हातापाया पडून दोघांना एका छताखाली आणलं होतं.

"जोडली आहे," धाकटा म्हणाला. "घरून निघताना जोडली. दोनदा बघितली."

दादाने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि टॉपच्या मागे जाऊन बसला. एकेक स्क्रू निघत होता. धाकट्याला वाटलं, आपण शाळेत असतो तर आता कॉपी पकडली जाण्याची वेळ. आपण खरंच जोडली ना? की जोडली असं फक्त वाटलं? त्या दिवशीही नुसतं वाटलंच असेल का? तीन वर्षं छातीठोकपणे खरं मानलेली गोष्ट त्याला आता धडपणे आठवेना.

झाकण उघडलं. लालच्या जागी काळी होती आणि काळीच्या जागी लाल. दादाने दुसरा टॉप उघडला. तिथेही तेच होतं.

"उलटीच आहे," दादा म्हणाला, आणि या वेळी भिंतीला नाही. पण चेहरा उतरला होता. "मग आवाज पोकळ का?"

धाकट्याला आनंद व्हायला हवा होता, पण डोकं नुसतं भणभणत होतं. तार बरोबर, आकडा बरोबर, पेट्या धडधाकट. मग चुकतंय कोण? दोघं भाऊ खाली फरशीवर बसून त्या दोन तारांकडे बघत राहिले.

"अरे, तोंडं का अशी?" ताई आत आली. तिच्या हातात चहाचे तीन पेले होते.

"टॉपची तार उलटी आहे, तरी आवाज जमत नाहीये," दादा म्हणाला.

"आता टॉपची कशाला?" ताई पेले खाली ठेवत म्हणाली. "बेसच्या पेट्या सकाळीच टेम्पोने पुढे आल्या, तेव्हाच मी त्यांची तार उलटी जोडून ठेवलीये. तुम्ही दमूनभागून येणार, तेवढीच मदत. तीन वर्षांपूर्वी त्या मोठ्या कार्यक्रमातही मीच जोडली होती की, तुम्हाला पत्तासुद्धा लागला नाही."