दादाचं हसू

दादा सीमेवरून परतला नाही, तेव्हा मी बोटभर उंचीचा दादा घडवायला घेतला. तयार प्लास्टिकच्या सैनिकाचं डोकं कापलं, मानेत तार खोवली, निखळलेला हात बंदुकीला चिकटवला, वर पुट्टीचा चेहरा केला आणि त्यावर दादाचं हसू कोरलं. माझा हात आता मस्त बसलाय, हे मी बिनधास्त सांगते.

सकाळी ओठ पुसलेले होते.

"तुझंच बोट लागलं असेल, धांदरट," आई म्हणाली. "पण हसराच कर हं. मला तसाच बघायचाय तो."

पुन्हा कोरलं आणि वर काचेची बरणी उपडी घातली. सकाळी तोंड पुन्हा सपाट.

भिंग लावलं. पुट्टीवर बोटांचे ठसे होते, सुईहून बारीक. भीती वाटली नाही, रडूही आलं नाही.

"हसला का गं?" आईने आतून विचारलं.

मी भिंग खाली सरकवलं. बंदुकीला मीच चिकटवलेल्या त्याच्या हाताच्या बोटांना पुट्टी लागली होती.