विहिरीवरचा डबा

नगरच्या ऑफिसात हेलन जुन्या कागदी नकाशातलं बागायत, जिरायत, पडीक असं एकेक शेत कॉम्प्युटरवर गिरवत होती. वर स्कॅन केलेला नकाशा, त्याच्याखाली आजचा सॅटेलाइट फोटो. तिचे पप्पा शांतवन डबा घेऊन आले, तेव्हा पडद्यावर नेमकं सुप्याचं शिवार होतं.

"पप्पा, हा बघा आपला मळा."

तिनं वरचा नकाशा फिका केला, तशी पेरूच्या बागेतून कारखान्याची शेड वर आली. पप्पा पडद्याकडे वाकले.

"विहीर कुठं हाय गं?"

तिनं निळ्या ठिपक्यावर बाण नेला. ठिपक्याखाली ट्रक उभे होते.

"त्यो खालचा फोटो बंद करता येतो का?"

तिनं क्लिक केलं. शेड गेली, ट्रक गेले. कागदावरची बाग आणि विहीर तेवढी राहिली.

पप्पांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या.

"चल, डबा सोड."

"इथं? पप्पा, जेवायची खोली तिकडं आहे."

"ऱ्हाऊ दे तिकडं. आज विहिरीवरच जेवू."